इम्पेडिमेंट

इंग्रज लोकांना अडथळ्यांची मनापासून आवड असली पाहिजे. नाहीतर एका अडथळ्यासाठी इतके शब्द त्यांनी कशाला करून ठेवले असते? ऑब्स्टॅकल, ऑब्स्ट्रक्शन, हर्डल, बॅरिअर, हिंड्रन्स, हिच, स्नॅग, बॉटलनेक! आमच्या बँकेतल्या पत्रव्यवहारात हे सगळे शब्द आलटूनपालटून येतात आणि त्या सगळ्यांचा अर्थ एकच असतो. तो म्हणजे, 'तुमचं काम आज होणार नाही.'

मी कॉमर्सचा पदवीधर. आमच्या अभ्यासक्रमातलं इंग्रजी 'विथ रेफरन्स टू युवर लेटर' इथे सुरू व्हायचं आणि 'युवर्स फेथफुली' इथे संपायचं. मधल्या जागेत काय लिहायचं ते नोकरीत शिकलो. तेव्हा शब्दांच्या मुळाशी जाणं हे माझं काम नव्हे. पण बँकेच्या काउंटरवर बसून वीस वर्षं अडथळ्यांचा व्यवसाय केल्यावर माणसाला आपल्या मालाविषयी थोडं कुतूहल वाटणारच. वाण्यालाही कधीतरी वाटतंच की, हिंग येतो तरी कुठून?

तर एका रविवारी मी जाडजूड डिक्शनरी काढून बसलो. (सौ.ने ती काढताना पाहिली आणि "माळ्यावरचे डबे काढायला सांगितलं होतं, ते नाही निघाले" एवढंच म्हणाली.) वाचता वाचता लक्षात आलं की, अडथळा आणि अडथळा ह्यांत फरक आहे. ऑब्स्टॅकल म्हणजे लॅटिनप्रमाणे 'समोर उभा राहिलेला'. आमच्या काउंटरवर रांग मोडून पुढे येतात आणि "एकच मिनिट हं, फक्त विचारायचंय" म्हणतात ते गृहस्थ म्हणजे शुद्ध व्युत्पत्तीला धरून ऑब्स्टॅकल. ऑब्स्ट्रक्शन म्हणजे 'आडवं बांधून ठेवलेलं'. ह्याचा अर्थ आमच्या गल्लीत गणपतीच्या मांडवाच्या वेळी प्रत्यक्ष समजावून घेता येतो. स्नॅग म्हणजे नदीच्या पाण्याखाली दडलेलं झाडाचं खोड. अमेरिकेत नद्यांतून आगबोटी चालत तेव्हा असली खोडं बोटींची पोटं फाडायची. आमच्या संगणकातला स्नॅगही असाच असतो. वरून पाणी संथ आणि खाली खोड. आणि हर्डल म्हणजे मुळात काटक्यांची विणलेली ताटी, मेंढरं कोंडायला वापरायची. पुढे माणसं तिच्यावरून उड्या मारायला लागली.

ह्या उड्या मारण्यात आपल्या बीड जिल्ह्याचा अविनाश साबळे पटाईत. तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये २८ आडवे अडसर आणि ७ पाण्याचे खड्डे ओलांडावे लागतात. तेवढे ओलांडून त्याने २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक मिळवलं आणि २०२३ साली हांगचौच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. मी ती शर्यत टीव्हीवर पाहिली आणि पस्तीस हा आकडा ऐकून मला घरच्यासारखं वाटलं. गृहकर्जाला साधारण तेवढेच कागद लागतात. पण ह्या सगळ्या अडथळ्यांत एक चांगला गुण आहे. ते समोर असतात. उडी मारली की मागे पडतात. मागे वळून त्यांच्याकडे बघायचंसुद्धा कारण नाही.

मग आला 'इम्पेडिमेंट'. तो मात्र असा मागे पडणाऱ्यांतला नाही.

इम्पेडिमेंट ह्या शब्दात एक पाय आहे. लॅटिनमध्ये पायाला 'पेस', त्याचंच रूप 'पेद'. सायकलचं पेडल, रस्त्यावरचा पेडेस्ट्रियन, सगळे त्याच पायाचे. आपला संस्कृत 'पाद', मराठी 'पाय' आणि हा लॅटिन 'पेद' एकाच घराण्यातले, सख्खे चुलतभाऊ. इम्पेडिमेंट म्हणजे पायात अडकलेली गोष्ट. वाटेवर उभी असते ती नव्हे, आपल्याबरोबरच चालते ती. इंग्रज हा शब्द वापरतो तोही असाच. रस्त्यात दगड पडला तर तो त्याला ऑब्स्टॅकल म्हणेल. चालणाऱ्याला दम लागत असेल तर ते इम्पेडिमेंट. ऑब्स्टॅकल वाट अडवतो आणि इम्पेडिमेंट चाल मंदावतो.

आणि ह्याच पायाचं दुसरं अपत्य कोण सांगू? एक्स्पेडाइट! आमच्या वरच्या कार्यालयाचा हा लाडका शब्द. 'प्लीज एक्स्पेडाइट' हे तीन पत्रांपैकी दोन पत्रांच्या शेवटी असतंच. मी त्याचा अर्थ आजवर 'बोंब मारू नका, पण लवकर करा' असा समजत होतो. पण मूळ अर्थ 'अडकलेले पाय मोकळे करा' असा निघाला. म्हणजे हे दोघे भाऊ भाऊ. एक पाय अडकवतो, दुसरा सोडवतो. आमच्याकडे अडकवणारा शाखेत असतो आणि सोडवायला सांगणारा मुख्य कार्यालयात, एवढंच.

हे वाचून मला लॅटिन लोकांचं कौतुक वाटलं, पण ते मिनिटभरच. कारण लगेच आठवलं की, आपल्याकडे हा शब्द पहिल्यापासून आहे. पायगुंता! पायात गुंतलेला तो पायगुंता. कुणा रोमन माणसाने वाईच्या घाटावर बसून भाषांतर केलं असतं तरी ह्याहून नेमकं जमलं नसतं. शिवाय आपण काही एका शब्दावर थांबलेलो नाही. कैद्याच्या पायात अडकवायचा लाकडी खोडा, त्यावरून कामात खोडा घालणं आलं. पळणाऱ्या गुराच्या गळ्यात ओंडका बांधतात ते लोढणं, त्यावरून बऱ्याच नातेवाइकांची ओळख करून देता येते. मग खीळ घालणं आहे, मोडता घालणं आहे, पाचर मारणं, आडकाठी करणं, बिब्बा घालणं. नुसती माशी शिंकली तरी आपलं काम अडतं. आणि सगळं सुरळीत असूनही काम पुढे सरकत नसेल तर कुठेतरी घोडं पेंड खात असतं. इंग्रजांनी अडथळ्याला शब्द दिले, आपण त्याला घोडं दिलं, माशी दिली, देवसुद्धा दिला. अष्टविनायकांपैकी ओझरचा विघ्नेश्वर. त्याची कथा अशी सांगतात की, विघ्नासुर शरण आला आणि त्याने वर मागितला, तुझ्या नावाच्या आधी माझं नाव घेतलं जावं. देवाने तो दिलाही. आता एवढा पराभव होऊनही ज्याने पाटीवर आपलं नाव आधी लावून घेतलं, तो नक्की कुठल्यातरी कार्यालयात नोकरीला असणार.

इम्पेडिमेंटचं अनेकवचन 'इम्पेडिमेंटा' मला आमच्या कन्येने शिकवलं. ती हॅरी पॉटर वाचते. त्यात हा शब्द मंत्र म्हणून आहे, तो उच्चारला की समोरच्याचा वेग कमी होतो. (आमच्याकडे 'लिंक नाही' हा मंत्र आहे.) तिच्याच अ‍ॅस्टेरिक्सच्या पुस्तकात, इंग्रजी भाषांतरात, गावच्या पाटलाच्या बायकोचं नाव इम्पेडिमेंटा आहे. कन्येने विचारलं, "बाबा, हे नाव असं का?" मी नुकतीच डिक्शनरी वाचलेली. उत्साहाने सांगून गेलो की, रोमन सैन्यात इम्पेडिमेंटा म्हणजे बरोबरचं सामानसुमान. तंबू, धान्य, दळायची जाती, खेचरं, सगळं. स्वयंपाकघरातून प्रश्न आला, "म्हणजे बायको म्हणजे सामान?" मी ताबडतोब इतिहासाकडे वळलो.

इतिहास मात्र खरंच ऐकण्यासारखा आहे. इसवी सनापूर्वी ५७ साली ज्युलियस सीझर गॉलमध्ये लढत होता. नर्व्ही नावाच्या जमातीला कुणीतरी सांगितलं की, रोमनांची प्रत्येक पलटण चालते आणि तिच्यामागे तिचं सामान. तेव्हा पहिली पलटण पोचली आणि तिचं सामान दिसलं की हल्ला करा, मागची पलटण सामानापलीकडे अडकलेली असेल. हिशेब अगदी चोख होता. पण सीझरने त्या दिवशी क्रम बदलला होता. सहा पलटणी पुढे, मग सगळ्या सैन्याचं सामान, आणि त्याची राखण करायला सर्वांत मागे दोन नव्या, कच्च्या पलटणी. सामान दिसताच नर्व्ही तुटून पडले. रोमनांची अशी तारांबळ उडाली की, खुद्द सीझरला एका शिपायाची ढाल हिसकावून घेऊन पुढे घुसावं लागलं. अशा वेळी मागच्या टेकडीवर कोण दिसलं? सामानाबरोबर मागे राहिलेल्या त्या दोन पलटणी, धावत येताना! तिकडून दहावी पलटणही मदतीला परतली आणि लढाई फिरली. सारांश, ज्यांना पायगुंत्याजवळ मागे ठेवलं होतं, ते वेळेला उपयोगी पडले. सामानाशिवाय हे सैन्य भरभर चाललं असतं ह्यात शंका नाही. पण रात्री जेवलं काय असतं?

इंग्रजांच्या लग्नातसुद्धा इम्पेडिमेंट असतं. माझ्या मनचं नाही, प्रार्थनापुस्तकात छापलेलं आहे. आधी तीन रविवार चर्चमध्ये पुकारा होतो. मग १६६२च्या त्या पुस्तकाप्रमाणे ऐन लग्नात पाद्री आधी जमलेल्यांना आणि मग वधूवरांना विचारतो की, ह्या लग्नाला कुणाला काही इम्पेडिमेंट माहीत आहे का? १८४७ सालच्या 'जेन एअर' कादंबरीत नेमका ह्याच वेळी एक वकील उठून 'आहे' म्हणतो, आणि नवरदेवाची पहिली बायको जिवंत असल्याचं निघतं. आपल्याकडे नोंदणी पद्धतीच्या लग्नासाठी १९५४च्या विशेष विवाह कायद्यात तीस दिवसांची नोटीस आहे, तीही ह्याच कामासाठी. वैदिक पद्धतीत मात्र असा प्रश्न कुणी विचारत नाही आणि ते फार शहाणपणाचं आहे. मांडवात दोनशे माणसं, त्यांत मुलाच्या आत्या आणि मुलीचे मामा. 'कुणाची हरकत?' असं विचारलं तर मुहूर्त पुढच्या वर्षी जाईल. आपण फक्त मधे अंतरपाट धरतो आणि 'सावधान' म्हणतो. समर्थ रामदासांनी ते लक्षपूर्वक ऐकलं आणि तिथूनच निघाले, असं सांगतात. बाकीचे आपण अक्षतांकडे लक्ष देतो.

आता आमच्या बँकेकडे येतो. आमच्याकडे इम्पेडिमेंटचा एक मावसभाऊ काम करतो. त्याचं नाव एन्कम्ब्रन्स. शेतकऱ्याने कर्ज घेतलं की सातबाराच्या 'इतर हक्क' ह्या रकान्यात बँकेचा बोजा चढतो. तो उतरेपर्यंत जमिनीचे पाय बांधलेले. इंग्रजीत अडथळ्यापासून निघालेला शब्द मराठीत आला तो ओझं होऊन. म्हणजे रोमन शिपाई काय आणि बीडचा शेतकरी काय, पाठीवरचं ओझं आणि पायातला अडथळा ह्यांत फारसं अंतर नाही हे दोघांनाही ठाऊक.

स्पीच इम्पेडिमेंट हा ह्या शब्दाचा आणखी एक उपयोग. जीभ अडखळणं. आमचे हेड कॅशियर बोलताना अडखळतात. नोटा मोजताना कधीच नाही. पण एक तारखेला पेन्शनरांची सर्वांत लांब रांग त्यांच्याच खिडकीपुढे असते. मला बरेच दिवस ह्याचं कोडं होतं. शेवटी एका आजींनाच विचारलं, "आजी, इकडे या ना, ही खिडकी मोकळी आहे." आजी म्हणाल्या, "नको रे बाबा. तुम्ही लोक माझं बोलणं मधेच तोडता. ते तोडत नाहीत." मी माझ्या मोकळ्या खिडकीकडे परत गेलो. आणि ह्याच शब्दातून ऑलिव्हर हेव्हिसाइड ह्या शास्त्रज्ञाने १८८६ साली विजेसाठी 'इम्पीडन्स' हा शब्द घडवला. लाउडस्पीकरच्या पाठीमागे आठ ओहम वगैरे लिहिलेलं असतं ना, तेच. मांडवातला वायरमन मला सांगत होता, "साहेब, स्पीकरला इम्पीडन्स पाहिजेच. तोच नसला तर अ‍ॅम्प्लिफायर जळतो." थोडा विरोध असल्याशिवाय आवाजही नीट निघत नाही, हे एरवी मला घरी कळायला हवं होतं.

ही सगळी विद्या मी गोळा केली ती एका फॉर्मसाठी उपयोगी पडेल असं मात्र वाटलं नव्हतं. दरवर्षीप्रमाणे आमच्याकडे प्रमोशनचं परिपत्रक आलं. कारकुनाचा ऑफिसर होण्याची संधी. (अलीकडे आम्हाला कारकून म्हणत नाहीत, कस्टमर सर्व्हिस असोसिएट म्हणतात. खुर्ची तीच आहे.) प्रमोशन म्हणजे बदली, आणि बदली म्हणजे नकाशावर कुठेही. ह्या वेळी बरोबरच्या फॉर्ममध्ये दोन रकाने होते. पहिला, 'विलिंग की नॉट विलिंग'. दुसरा, 'इम्पेडिमेंट्स टू ट्रान्सफर, इफ एनी'.

शाखेत त्या दुसऱ्या रकान्याने धमाल उडवली. एकाने लिहिलं, 'टू बीएचके, हप्ते बाकी एकशे बारा'. एकाने सासूबाईंचं वय आणि रक्तदाब लिहिला. लोन विभागातल्या बाईंनी जागा अपुरी पडली म्हणून वेगळा कागद जोडला. हेड कॅशियरांनी 'दोन हापूसची झाडं, कोकण' एवढंच लिहिलं आणि सही केली. माझाही हिशेब तयार होता. कन्येची दहावी, सौ.ची शाळेतली नोकरी, फ्लॅटचं कर्ज, आणि आई. आईचं वय शहात्तर, दोन्ही गुडघ्यांनी राजीनामा दिलेला.

रात्री जेवताना विषय निघाला. सौ. म्हणाली, "तुम्ही ठरवा. मी आहे इथे." आई ताटात बघत होती. मग म्हणाली, "तू जा रे. माझा पायगुंता नको तुला."

आता डिक्शनरी वाचलेल्या माणसाने ह्यावर काय बोलायचं? हा शब्द मी आठवडाभर कौतुकाने तोंडात घोळवत होतो. आईने तो असा वाढला आणि घास अडला. मला आठवलं ते तिनेच कधीतरी हसत हसत सांगितलेलं. मी दीड वर्षाचा असताना तिला तालुक्याच्या गावी शिक्षिकेच्या नोकरीची ऑर्डर आली होती. ती गेली नाही. का गेली नाहीस असं विचारल्यावर म्हणाली होती, "कशी जाणार? तू सारखा पायात घुटमळायचास." एवढंच. तिने त्याला इम्पेडिमेंट म्हटलं नव्हतं, आणि कुठल्या रकान्यात भरलंही नव्हतं. सामान बरोबर घेतलं आणि चालत राहिली. मी मोठ्याने म्हणालो, "आई, भाजी अजून वाढ." तिने वाढली. आमच्या घरात महत्त्वाचे निर्णय ह्याच पद्धतीने होतात.

दुसऱ्या दिवशी मी फॉर्म भरला. पहिल्या रकान्यात 'नॉट विलिंग'. दुसऱ्या रकान्यात 'निल'.

मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चष्मा वर करून म्हणाले, "अहो, हे कसं? काही अडचण नाही म्हणता, आणि जातही नाही म्हणता. कारण काहीतरी लिहायला पाहिजे."

"साहेब, अडचण खरंच नाही."

"मग?"

"सामान आहे."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांची स्वतःची मंडळी नागपूरला, आई अमरावतीला आणि ते इथे लॉजवर. ते काही बोलले नाहीत. फॉर्मवर 'फॉरवर्डेड' असा शिक्का मारला आणि मला चहा मागवला.

पंधरा दिवसांनी वरून पत्र आलं. सदर कर्मचाऱ्याची माहिती परस्परविरोधी आहे, तरी खुलासा पाठवावा. आणि शेवटी नेहमीप्रमाणे, 'प्लीज एक्स्पेडाइट'. म्हणजे व्युत्पत्तीप्रमाणे, पाय मोकळे करा. खुलासा मी सवडीने पाठवणार आहे. पण सूचनेचा दुसरा भाग मात्र ताबडतोब अमलात आणलाय. रोज संध्याकाळी मी आणि आई पाय मोकळे करायला कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत जाऊन येतो. अंतर चारशे पावलांचं. एकटा गेलो तर पाच मिनिटं लागतात. आईबरोबर पाऊण तास लागतो.